सन शंभरचं पत्र

ताईंच्या घरात ज्या ज्या वस्तूला झाकण आहे, त्या त्या वस्तूवर तारखेची चिठ्ठी आहे. कॉफीचा डबा, खोकल्याचं औषध, बुटाच्या पॉलिशची डबी, काही म्हणजे काही सुटलेलं नाही. आणि चिठ्ठीवर वर्ष पूर्ण चार आकडी. कुणी दोन आकड्यांत वर्ष उरकलं की ताईंच्या कपाळाला आठी पडते. "वर्ष म्हणजे काय भाजी आहे, देठ खुडून टाकायला?" असं त्या बँकेतल्या माणसालाही ऐकवतात, आणि फॉर्मवर वर्षासाठी दोनच चौकोन असले तर उरलेले दोन आकडे चौकोनाबाहेर लिहून ठेवतात. मागे रांग खोळंबते. खोळंबली तर खोळंबू दे, ताईंना त्याचं काही नसतं.

हा हट्ट काही उगाच जडलेला नाही. वीस-बावीस वर्षं ताईंनी पोटासाठी तारखा वाचल्या. एका छोट्या कंपनीत ईमेलचा प्रोग्राम तयार व्हायचा, आणि जगभरातून येणाऱ्या पत्रांवरची तारखेची ओळ तो प्रोग्राम नीट वाचतो की नाही, हे तपासणं ताईंचं काम. लोक विचारायचे, यात तपासायचं काय? तारीख ती तारीख. त्यावर ताई म्हणायच्या, "चार माणसांना एकच तारीख लिहायला सांगा, मग बोला."

कंपनी म्हणजे तरी काय, चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना चढताना चिकटवायच्या गोंदाचा वास नाकात शिरायचा तो संध्याकाळी घरी जाईपर्यंत निघायचा नाही. पहिल्या खोलीत मालक, दुसरीत चार प्रोग्रामर, आणि तिसरीत ताई, दोन कॉम्प्युटर आणि एक बिघडलेला पंखा. प्रोग्रामरांमधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात हुशार तो ढापण्या. बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लावायचा म्हणून ढापण्या. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं निघायचं. तारखा वाचणारा भाग त्याने लिहिलेला, आणि त्यातल्या चुका ताईंनी काढायच्या. दोघांचं दिवसभर जुंपलेलं असायचं, आणि चहाची वेळ झाली की दोघं एकाच बशीतली बिस्किटं खायचे.

या कामाला ताई आल्या त्या मात्र भलत्याच रस्त्याने. त्याआधी सोळा वर्षं त्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होत्या. त्याच छापखान्यात त्यांचा मोठा भाऊ कंपोझिटर होता. दादा शिशाचे खिळे जुळवायचा, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, आणि ताई त्याच्या चुका काढायच्या. घरीसुद्धा लहानपणापासून तेच चाललेलं. छापखान्यात त्याचे पैसे मिळायचे एवढाच फरक.

दादाचा हात असा, की खिळ्यांच्या पेटीकडे न बघता तो ओळीच्या ओळी उभ्या करायचा. पण कितीही झालं तरी पेटीतले खिळे मोजके. नव्वद साल उजाडलं आणि नऊच्या खिळ्यांचा दुष्काळ पडला. प्रत्येक पावतीवर, प्रत्येक पत्रिकेवर, प्रत्येक कॅलेंडरवर दोन दोन नऊ, आणायचे कुठून? मग दादा वर्षाचं डोकं उडवायचा. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या जागी नुसते चौऱ्याण्णव, वर एक टिंब. ताई त्यावर लाल खूण करायच्या आणि दादा ओरडायचा, "अगं चिमे, नऊ काय मी माझ्या दातांचे पाडू का?" घरात धाकटी म्हणून चिमणी, आणि चिमणीची चिमी, ते नाव दादाखेरीज आता कुणाच्या तोंडी नव्हतं.

एखादा खिळा अगदीच मिळाला नाही तर दादा त्या जागी दुसरा कुठला तरी खिळा डोक्यावर उभा करायचा. छापून आल्यावर तिथे नुसता काळा ठोकळा दिसे. त्याचा अर्थ ताईंना ठाऊक होता: इथे अक्षर मिळालेलं नाही, पण जागा धरून ठेवली आहे, मिळालं की घालतो. कागदावर एक शब्द न लिहिता दोघांचं असं बोलणं चालायचं.

छापखान्यात ताई दोन कायदे शिकल्या आणि ते त्यांनी जन्मभर पाळले. एक, लेखकाच्या मूळ प्रतीला हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती बाजूला, प्रुफावर, आणि मूळ प्रत जपून ठेवायची. दुसरा, एकदा छापून गेलेला फर्मा, म्हणजे छपाईसाठी बांधलेली पानं, पुन्हा उघडायचा नाही. चूक सापडली तर पुढच्या आवृत्तीत बघू. मागचं उकरत बसलं तर पुढचं काम कधी व्हायचं?

छापखान्याचं काम आटत चाललं तेव्हा ताईंनी जाहिरात वाचून त्या कंपनीत अर्ज टाकला. "बारीक नजरेची व्यक्ती हवी," असं त्यात होतं. बारीक नजर ताईंकडे पोत्याने होती. नोकरी लागली, आणि त्यांनी दादाला सांगितलं. दादा हातातली ओळ तशीच धरून उभा राहिला. मग जे बोलला ते सगळ्या छापखान्याने ऐकलं.

"जा. बुडत्या होडीतून पहिली उडी उंदराची असते, तशी मार. आणि एक लक्षात ठेव, मी मरेन पण त्या डबड्याला हात लावणार नाही. बोलायचं असेल तर आधी हात शाईचे करून ये."

ताईही काही कमी नव्हत्या. त्या लाल पेन टेबलावर ठेवून तडक निघाल्या. त्या दिवसापासून भावंडांचं बोलणं बंद झालं. वहिनी दोन्हीकडे निरोप घेऊन जायची, तीही पुढे दमली.

नव्या नोकरीत ताईंनी जग पाहिलं ते असं तारखांच्या ओळींतून. कुणाची मशीन महिना आधी लिहायची, कुणाची वार चुकवायची. एका गावच्या कचेरीतून येणारं प्रत्येक पत्र सोमवारी लिहिलेलं असे, ताई म्हणायच्या, "तिथे जगणं अवघड असणार." सगळ्यात मोठी डोकेदुखी अर्ध्या वर्षांची होती. पत्रावर नुसतं ०३ आलं तर ते कुठल्या शतकातलं? मालक, ढापण्या आणि ताई एका टेबलाशी बसले आणि नियम ठरला. पन्नासच्या आतला आकडा असेल तर पुढे वीस लावायचे, पन्नास किंवा वर असेल तर एकोणीस.

"पण पन्नासच का?" ढापण्याने विचारलं.

"कुठेतरी काठी रोवायला हवी ना रे."

"आणि खरंच पन्नास साल उजाडलं म्हणजे?"

"तेव्हा माझ्या नावाने बोटं मोड. मी ऐकायला नसेन."

विचित्र तारखा जमवायचा ताईंना नादच लागला. कुठेही वाकडी तारीख दिसली की लोक तसलं पत्र त्यांच्या पत्त्यावर पाठवून द्यायचे. प्रोग्राम ती ओळ वाचायचा, त्याला समजेल ती तारीख आपल्याजवळ एकदाच नोंदवायचा, आणि पुढे त्या नोंदीवरूनच पत्रं लावायचा, ताजी वर, जुनी खाली. वाकड्या तारखांची पत्रं अर्थात रसातळाला जायची. ताईंच्या इनबॉक्सच्या तळाशी असा शेकडो पत्रांचा गाळ साठला होता, त्यातली निम्मी न उघडलेली. नमुना म्हणून तारखेची ओळ पाहिली की काम झालं. आतला मजकूर कोण वाचतो?

एक गोष्ट मात्र ताईंनी सगळ्यांशी भांडून करून घेतली. प्रोग्रामने तारीख काहीही समजो, पत्रावरची मूळ ओळ होती तशी पत्रासोबत राहिली पाहिजे. मालक म्हणाले, जागा फुकट जाते. तेव्हा जागा महाग होती. ताई म्हणाल्या, "मूळ प्रत फेकायची असेल तर प्रूफ तपासायला दुसरं कुणी बघा." मालकांनी हात जोडले आणि ओळ राहिली.

मग दोन हजार साल आलं. आकाश कोसळणार म्हणून जगाने जी हाकाटी केली होती तसलं काहीच झालं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ढापण्या टेबलावर पाय टाकून बसायला लागला होता. आणि मग तक्रारी यायला लागल्या. आमची पत्रं येतच नाहीत. काल पाठवलंय म्हणतात, आमच्याकडे नाही.

ताईंनी तीन दिवस डोकं घातलं आणि चोर पकडला. काही काही प्रोग्राम वर्ष मोजायचे ते एकोणीसशेपासून. नव्याण्णव साल म्हणजे नव्याण्णव, तोवर सगळं सुरळीत. नवीन वर्ष लागलं आणि त्यांनी पुढचा आकडा लिहिला, शंभर. बिचाऱ्यांचं गणित बरोबरच होतं. पण ताईंचा प्रोग्राम ते वाचायचा सन शंभर, आणि कालचं पत्र एकोणीसशे वर्षं मागे नेऊन तळाशी ठेवायचा.

"म्हणजे पत्रं येतायत," ढापण्या म्हणाला, "फक्त लोक तिथवर खाली जात नाहीत."

"तीन आकडे आले की एकोणीसशे मिळवायचे. लिही."

ढापण्याने दोन ओळी लिहिल्या. ताईंनी तपासल्या. तारीख होती एकोणीस जानेवारी, वर्ष पूर्ण दोन हजार. निघता निघता ढापण्याने विचारलं, "ताई, नवीन पत्रं आता बरोबर लागतील. पण या अठरा दिवसांत जी आधीच खाली जाऊन पडली, त्यांच्या तारखा पुन्हा वाचून घेऊ का? मूळ ओळी आहेतच. सगळ्या गिऱ्हाइकांकडे एक दिवसाचं काम आहे."

ताई दमल्या होत्या. आणि सोळा वर्षांची सवय जिभेवर तयारच होती. "राहू दे रे. छापून गेलेला फर्मा उघडायचा नसतो. ज्याला हवं असेल तो खाली जाऊन शोधेल. सगळ्यांना कळवून टाक म्हणजे झालं."

ढापण्याने कळवून टाकलं. कळवलेलं किती जणांनी वाचलं, देव जाणे. खुद्द ताईंनी आपला तळ ढवळला नाही. तिथे काय, सगळा नमुन्यांचाच गाळ.

त्याच सुमाराला छापखाना बंद होत असल्याची बातमी त्यांच्या कानावर आली होती. खिळे मोडीत जाणार, यंत्र कुणीतरी नेणार. ताईंना जावंसं वाटलं. पण दादाने बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता जायचं म्हणजे पडतं घ्यायचं. तरी एकदा दुपारी त्या गेल्याच. पलीकडच्या फुटपाथवरून पाहिलं. शटर अर्धं वर होतं, आत दिवा होता. त्या पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, त्याने एक शब्द टाकला असता तर धावत आले असते. आणि बसस्टॉपकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या असत्या तर शटर बंद दिसलं असतं.

त्यानंतरची बावीस वर्षं कशी गेली हे सांगण्यासारखं नाही, कारण सांगण्यासारखं त्यांत काही झालंच नाही. दादाला एका स्टेशनरीच्या दुकानात काम मिळालं. नातेवाइकांच्या लग्नाकार्याला दोघं भेटायचे. "काय, बरं आहे ना?" "हो, बरं आहे. तुझं?" "चाललंय." एवढं झालं की दोघं दोन कोपऱ्यांत. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं. हे सौजन्य होतं, आणि सौजन्याला कुठून हात घालायचा? दादा "चिमे" म्हणायचा थांबला होता. तो नुसतं "तू" म्हणायचा. ताईंना तेच सगळ्यात जास्त बोचायचं, पण सांगणार कुणाला?

ताई निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं होऊन गेल्यावर एका सकाळी ढापण्याचा फोन आला. ढापण्या आता कंपनीचा प्रमुख होता. डोक्यावरचे केस गेले होते, चष्मा तेवढा टिकून होता.

"ताई, जुना सर्व्हर बंद करतोय. सगळी पत्रं नव्यावर हलवायची आहेत. नवीन प्रोग्रामला तुमच्या काळच्या काही तारखा झेपत नाहीत. तो सन शंभरची पत्रं बघून रुसून बसलाय."

"मग? तीन आकडे आले की एकोणीसशे मिळवायचे. मी काय मेल्यावर सांगायला येणार आहे?"

"तेच करतोय. या वेळी मागची सगळी पत्रं मूळ ओळीवरून पुन्हा वाचून घेतली. दोन-अडीचशे निघाली, बहुतेक तुमच्याच इनबॉक्समध्ये. नमुने असतील तर पुसून टाकतो. पण एकदा नजर टाका. एकावर... म्हणजे मी पूर्ण वाचलं नाही हं. पहिल्या ओळीवर थांबलो."

ताई गेल्या. खाली चपलांचं दुकान जाऊन मोबाइलचं दुकान आलं होतं, पण जिन्याला अजून गोंदाचा वास होता, निदान ताईंना तो आला. ढापण्याने खुर्ची ओढून दिली. पडद्यावर पत्रांची यादी होती, आणि सन शंभरच्या तळातून वर येऊन प्रत्येक पत्र आपापल्या खऱ्या जागी बसलं होतं. जानेवारी दोन हजार, तारीख अकरा. पाठवणारा: सार्वजनिक वाचनालय, टेबल क्रमांक दोन. विषयाची जागा रिकामी. न उघडलेलं.

ताईंनी उघडलं.

"चिमे. वाचनालयातल्या बाईंनी शिकवलं. अक्षरं कुठे ठेवलीत काही समजत नाही, पेटीची रचना यांना कुणी शिकवली नाही. एक ओळ लिहायला पंधरा मिनिटं लागली. प्रेस बंद होतोय. वीस तारखेला खिळे नेणार. मी बोललो ते विसर. राग प्रेसचा होता, निघाला तुझ्यावर. शेवटचं एक पान जुळवलंय. प्रूफ तुझ्याशिवाय कुणी वाचायचं नाही असं ठरवलंय. वीसपर्यंत रोज दुपारी मी एकटाच आहे. ये. हात शाईचे नसले तरी चालतील. दादा."

ताईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. डबड्याला हात लावणार नाही म्हणणारा माणूस, एका ओळीला पंधरा मिनिटं, आणि एक चूक नाही.

मग त्यांच्या डोक्यात तारखा लागायला लागल्या. ती सवय कुठे जाणार? पत्र अकराचं. दुरुस्ती झाली एकोणीसला. ढापण्याने विचारलं होतं, एक दिवसाचं काम आहे, करू का? वीसची दुपार अजून व्हायची होती.

"ताई, पाणी आणू?"

"ढापण्या," ताई म्हणाल्या, "तू तेव्हा बरोबर बोलला होतास रे. फर्मा उघडायला हवा होता." आणि इतक्या वर्षांत ज्या बाईने ऑफिसात कधी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ती ओढणीचं टोक तोंडाशी धरून रडली. ढापण्या चष्मा काढून पुसत बसला.

कागदावर पत्र छापून घेऊन ताई तशाच दादाकडे गेल्या. दार वहिनीने उघडलं. बोलावणं नसताना नणंद दारात, हे बघून ती आधी घाबरलीच. "काय झालं? कुणाचं काही...?"

"काही नाही गं. दादा आहे?"

दादा खिडकीशी बसला होता. पंचाहत्तरीला आलेला, मान जरा पुढे वाकलेली. उभ्या उभ्या खिळे जुळवणाऱ्यांची मान शेवटी अशीच होते. "ये," म्हणाला. "काय, बरं आहे ना?"

ताईंनी उत्तर न देता कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला, मग ओळखला. पहिल्यांदा त्याचा चेहरा बंद झाला, शटर ओढल्यासारखा.

"हे आत्ता कशाला? तू वाचलं होतंस ना तेव्हा."

"नाही रे दादा."

"खोटं नको बोलूस. तू आली होतीस. समोरच्या फुटपाथवर. मी आतून बघत होतो. म्हटलं, आली. टेबल पुसलं. खुर्ची झटकली. वर बघतो तर तू पाठ फिरवून चाललेली." त्याने कागद मांडीवर आपटला. "पत्र वाचून, दारापर्यंत येऊन परत गेलीस. त्यावर माणसाने काय बोलायचं?"

बावीस वर्षं हा माणूस एवढं पोटात घेऊन "बरं आहे ना" म्हणत आला होता. ताई त्याच्या पायाशी, जमिनीवरच बसल्या. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वाचनालयातली मशीन वर्ष कसं मोजायची, नव्याण्णवनंतर तिने शंभर कसं लिहिलं, पत्र तळाला कसं गेलं, आणि मागचं राहू दे असं कोण म्हणालं. स्वतःचा वाटा त्यांनी अजिबात लपवला नाही. "तू बोलावलं नाहीस म्हणून मी परत गेले, दादा. बोलावलंयस हे मला माहीत नव्हतं. आज सकाळी कळलं."

दादाने मांडीवरचा कागद पुन्हा उचलला. मग म्हणाला, "म्हणजे मशीनने वर्षाचं डोकं उडवलं."

"हो."

"मी उडवायचो तर तू केवढी तडतडायचीस."

"अजून तडतडते."

तो उठला. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा, काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. वहिनी पुटपुटली, "आता ते काढतायत बघ. तीन घरं बदलली, पण ते ओझं टाकू दिलं नाही. झाडायलासुद्धा हात लावू देत नाहीत."

दादाने एक पसरट लोखंडी तबक आणून टेबलावर ठेवलं. त्यात जुळवलेलं एक पान, चारी बाजूंनी सुतळीने बांधलेलं. शिसं काळवंडलं होतं, पण सुतळी ढिली पडली नव्हती. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात; ताई सोळा वर्षं ती उलटीच वाचत आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर ढकलला, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागल्या. छापखान्यात काम केलेल्या सगळ्यांची नावं होती, यंत्रावरच्या म्हाताऱ्यापासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत. कंपोझिटर म्हणून दादा. त्याच्याखाली, प्रुफं तपासणारी म्हणून, ताई. पान जुळवलं त्याच्या चार वर्षं आधीच सोडून गेलेल्या ताई, त्याच टायपात, तेवढ्याच मोठ्या.

"सहाव्या ओळीत एक अक्षर जास्तीचं आहे," ताई म्हणाल्या.

"मुद्दाम ठेवलंय. पुढे?"

"अकराव्यात दोन नावांमधली जागा खाल्लीयस."

"तीही मुद्दाम. म्हटलं, ही आली आणि चूक सापडली नाही तर हिला करमायचं नाही. पुढे वाच."

शेवटच्या ओळीत तारीख होती. वीस जानेवारी, आणि पुढे वर्ष. दोनचा खिळा सरळ होता. त्याच्यापुढे तीन खिळे डोक्यावर उभे.

"शून्यं नव्हती," दादा म्हणाला. "त्या साली जो तो कॅलेंडर छापत होता. एका वर्षात तीन तीन शून्यं, पेटी रिकामी. अर्धं वर्ष लावलं असतं तर तू पुन्हा पाठ फिरवली असतीस." त्याने खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर तीन बारीक खिळे होते. "नंतर मोडीवाल्याच्या पोत्यात हात घालून शोधली. तेव्हापासून घालायची राहिलीयत. तू तपासल्याशिवाय कशी घालणार?"

त्याने चिमट्याने पहिला उलटा खिळा उचलला. मग तो थांबला, आणि इतक्या वर्षांनी त्याने हाक मारली.

"चिमे, साल कुठलं घालू? तेव्हाचं की आजचं? प्रूफ तर आज वाचलंयस."

ताईंनी काडेपेटीतलं एक शून्य बोटाच्या पेरावर घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"तेव्हाचंच घाल. उशीर मला झाला, दादा. पत्र वेळेवर आलं होतं."